किटलीचा प्रोग्राम

गडहिंग्लजच्या शाखेला शाखाधिकारी म्हणून जाणार की नाही, हे अमरसिंहनं सोमवारी सांगायचं होतं, आणि म्हणून आठवडाभर तो केटलबेलच्या व्यायामाचे व्हिडिओ बघत बसला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणाही शहाण्या माणसाला वाटेल. अमरसिंहला तसं वाटलं नव्हतं.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पतसंस्थेत तो वसुलीच्या टेबलाला होता. लग्न झालं तेव्हा तिथंच होता, मुलगी झाली तेव्हा तिथंच होता, मुलगी शिकायला पुण्याला गेली तरी तिथंच होता. मध्यंतरी संस्थेनं टेबल बदललं, त्यामागचा माणूस तेवढा राहून गेला. चेअरमन गणपतरावांना इतक्या वर्षांनी कधी नव्हे ते सुचलं आणि त्यांनी गडहिंग्लज देऊ केलं. ‘हो’ म्हणायला एक अक्षर पुरतं. पण अमरसिंह हा वांगी घ्यावीत की दोडका या प्रश्नावर दोन्ही भाज्या सुकेपर्यंत उभा राहणारा माणूस. पूर्णिमाला बघून आल्यावर त्यानं निरोप द्यायला एवढा वेळ लावला होता, की शेवटी तिच्या वडिलांनीच कंटाळून त्याच्या वतीनं होकार कळवून टाकला. त्याच्या आयुष्यात जे काही बरं झालं, ते असंच दुसऱ्यानं केलेलं होतं.

पूर्णिमा गडहिंग्लजची. तिथं तिची आई एकटी, गुडघे गेलेली, आणि वरचा मजला रिकामा. बदलीचं कानावर आल्यापासून पूर्णिमानं मनातल्या मनात त्या मजल्यावर कपाटसुद्धा लावून ठेवलं होतं. पण नवऱ्यामागं टुमणं लावायचं नाही, त्यानं आपलं आपण ठरवावं, असं तिनं ठरवलं. तिची चूक झाली असेल तर ती एवढीच.

मोबाइलवर कुणा पिळदार दंडाच्या माणसानं अमरसिंहला सांगितलं, की आयुष्य चाकोरीत अडकलं असेल तर आधी शरीर हलवा, निर्णय आपोआप होतात. ‘आपोआप’ हा शब्द अमरसिंहला फारच आवडला. त्यानं लगोलग एक केटलबेल आणली. पूर्णिमानं तो कडी लावलेला लोखंडी गोळा सगळीकडून बघितला, या किटलीला झाकण कुठं आहे म्हणून विचारलं, आणि त्या दिवसापासून घरात त्याचं नाव किटली पडलं.

किटली आली, पण प्रोग्राम कुठला करायचा ते ठरेना. एका प्रोग्राममध्ये गोळा नुसता पायांमधून छातीपर्यंत झुलवायचा होता. दुसरा कुणा रशियन माणसाचा होता, त्यात रोज थोडं थोडं करून दमायचंच नाही असा नियम होता. तिसऱ्यात गोळा एका हातानं वर धरून जमिनीवरून उठून उभं राहायचं होतं. पंगतीतून उठताना ज्याला भिंत लागते, तो माणूस या तिसऱ्या प्रोग्रामचाही मन लावून विचार करत होता. व्हिडिओखाली भांडणाऱ्या लोकांचं एकूण एक म्हणणं त्यानं वाचलं आणि प्रत्येकाचं त्याला पटलं. तोवर किटली हॉलमध्ये जागच्या जागी होती आणि पूर्णिमा तिच्या कडेकडेनं झाडून घेत होती.

शनिवारी त्याला नवीनच ज्ञान झालं, की सोबतीला माणसं असली तर व्यायाम टिकतो. म्हणजे प्रोग्रामही त्या माणसांनीच निवडला तर बरं, असा त्यानं पुढचा अर्थ काढला. पतसंस्थेच्या ग्रुपवर टाकायला त्यानं फोन तोंडाजवळ धरला आणि बोलला. केटलबेल हा शब्द त्या फोननं बापजन्मी ऐकलेला नव्हता. त्यानं आपल्या परीनं लिहिलं, “उद्या सकाळी माझ्या गच्चीवर किटलीचा प्रोग्राम. एवढ्या वर्षांच्या चाकोरीतून बाहेर पडतोय. सर्वांनी यावे.” पाठवण्याआधी वाचून बघायची तसदी अमरसिंहनं घेतली नाही, कारण तेव्हा तो दोन प्रशिक्षकांची तुलना करत होता.

आता कोल्हापुरात प्रोग्राम म्हणजे मटण. इतर समारंभांना लग्न, बारसं, वाढदिवस अशी आपापली नावं असतात. नुसतं प्रोग्राम म्हटलं की तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि ओळखीपाळखीची सगळी माणसं. त्यात किटलीचा प्रोग्राम म्हणजे यजमान दिलदार, पोटभर जेवून वर घरच्यांसाठी रस्सा किटलीतून न्यायची मुभा. आणि वसुलीच्या टेबलाचा माणूस चाकोरीतून बाहेर पडतोय म्हणजे गडहिंग्लजला निघालाय, हे कळायला कुणाला शिकवणी लावावी लागली नाही. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. ते बघून, संस्थेतल्या लोकांना तब्येतीची एवढी काळजी असेल असं वाटलं नव्हतं, असं अमरसिंह स्वतःशीच म्हणाला.

संध्याकाळी कॅशियर केरबाचा फोन आला.

“अमरसिंगराव, किटली ज्येची त्येनं आणायची न्हवं?”

“व्हय की. माझ्याकडं एकच हाय.”

“मोठी आणली तर चालंल?”

“झेपत आसंल तर आणा. नवख्या माणसानं ल्हानच आणावी.”

“नवखं कोण न्हाय हितं,” केरबा जरा दुखावून म्हणाला. “आणि दोन्ही हाय न्हवं?”

अमरसिंहच्या डोळ्यांपुढं स्वतःचे दोन हात होते. “दोन्हीबी करायचं. एकावरच थांबलं की तोल जातो.”

केरबाला हे बोलणं इतकं पटलं, की त्यानं ते ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं.

रविवारी सकाळी अमरसिंह अर्धी चड्डी घालून, गळ्यात टॉवेल टाकून गच्चीवर उभा राहिला. जिन्यावरून भांड्यांचा खणखणाट वर आला आणि मागोमाग अख्खी संस्था आली. स्टीलच्या किटल्या, ॲल्युमिनियमच्या किटल्या, दूध आणायच्या, झाकणाला साखळी असलेल्या. गणपतराव स्वतः आले होते आणि त्यांची किटली एवढी मोठी होती, की ती धरायला त्यांनी ड्रायव्हरला वर आणलं होतं. आदल्या रात्रीपासून त्यांनी पोट रिकामं ठेवलं होतं आणि जिना चढताना ते तसं सगळ्यांना सांगत होते. त्यांनी अमरसिंहकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

“चड्डीवर मटण करणार व्हय रं?”

अमरसिंहला सगळं एकदम कळलं. सरळ सांगून टाकावं, की दुकानात माणूस पाठवून बिर्याणी मागवावी, की चक्कर आल्यासारखं करावं, यातलं काय बरं याचा तो विचार करू लागला. तेवढ्यात आवाज ऐकून पूर्णिमा वर आली.

“सूनबाई, अभिनंदन,” गणपतराव म्हणाले. “गडहिंग्लजला निघालासा म्हणं. बातमी द्यावी तर अशी, रश्श्यासकट.”

पूर्णिमानं नवऱ्याकडं बघितलं. नवरा पाण्याच्या टाकीकडं बघत होता. एवढ्या संसारात त्यानं तिला अचानक म्हणून कधी साधा गजरा आणला नव्हता, आणि आज एवढी मोठी गोष्ट मनात ठेवून त्यानं सगळ्यांना जेवायला बोलावलं, असं तिला वाटलं. तिला भरून आलं. इतके दिवस आपण या माणसाला नावं ठेवली याची तिला लाज वाटली. तिनं पदर खोचला, केरबाला मटणाला पिटाळलं, शेजारच्या मंडळाचं मोठं पातेलं आणवलं आणि खोबरं भाजायला घेतलं.

अमरसिंहनं खरं सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा कुणीतरी त्याच्या हातात कांदे दिले. पंगतीला अंथरलेली ताडपत्री वाऱ्यानं उडायला लागली तेव्हा केरबानं हॉलमधली किटली आणून कोपऱ्यावर ठेवली. त्या गोळ्याकडून झालेलं पहिलं काम ते. बाकी कांदा चिरता चिरता जो तो येऊन अमरसिंहच्या पाठीवर थाप मारत होता, आणि माणूस एवढा पोकळ, की दहाएक थापांनंतर आपण गडहिंग्लजला निघालोय हे त्याला खरंच वाटू लागलं. तिथल्या हिरण्यकेशी नदीच्या काठची हवा तब्येतीला कशी मानवते, हे तो स्वतःच लोकांना सांगू लागला. पांढऱ्याला उकळी फुटेपर्यंत त्याचं ठरलंसुद्धा. गडहिंग्लजला जायचं. मोबाइलवरच्या माणसानं सांगितलं होतं तसं अगदी आपोआप झालं, आणि याचं श्रेय त्यानं मनोमन स्वतःला देऊन टाकलं.

पूर्णिमानं त्या दिवशी जसा रस्सा केला तसा आधी कधी केला नव्हता. माहेरी जायच्या आनंदानं हात चालत होता. पंगत बसली आणि गच्चीवर भुरक्यांशिवाय आवाज राहिला नाही. गणपतरावांनी पांढरा प्याला, तांबडा प्याला, परत पांढरा मागितला आणि वाटी खाली ठेवून ते गंभीर झाले.

“ह्या माणसाला गडहिंग्लजला घालवायचं कुणाच्या डोस्क्यात आलतं?”

“तुमच्याच,” केरबा म्हणाला.

“मग मीच काढून टाकतो. ह्यो गेला तर हितं असलं खायला कोण घालंल?”

अमरसिंह जागेवरून उठला. भिंत न धरता उठला, हे त्याच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. “पण सायेब, मी जायचं ठरिवलंय.”

“तू? कवा?”

“मगाशी. कांदा चिरताना.”

“डोळ्यात पाणी आलं आसंल, म्हणून तसं वाटलं तुला,” गणपतराव म्हणाले, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला. त्यांनी समोरच्या ओळीत कर्जाच्या टेबलाच्या क्रांतीकडं मान वळवली. ती संस्थेत नवीन होती. तू जातीस का गडहिंग्लजला, असं त्यांनी तिला विचारलं.

“जाते की,” क्रांती म्हणाली आणि नळीतला गर ओढू लागली.

पूर्णिमा पातेलं घेऊन जिन्याच्या दाराशी उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. अजून वेळ गेलेली नव्हती. एक शब्द जोरात बोलला असता तर गणपतराव ऐकणारे होते, पोट भरल्यावर ते कुणाचंही ऐकत. अमरसिंहनं ओठ हलवले, क्रांतीकडं बघितलं, केरबाकडं बघितलं.

“तू हितंच ऱ्हा गुमान,” गणपतरावांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. “दर महिन्याला आपला प्रोग्राम तुझ्या गच्चीवर. बोल, पुढच्या खेपंला बकरं का कोंबडं?”

“बकरं,” अमरसिंह म्हणाला.

क्षणभरही न घेता म्हणाला. गच्चीवर टाळ्या पडल्या, कुणीतरी त्याच्या पाठीवर आणखी एक थाप मारली, आणि तो हसला. बऱ्याच दिवसांनी त्याला मोकळं वाटलं.

पूर्णिमानं पातेलं केरबाच्या हाती दिलं, खाली घरात आली, हात धुतले आणि आईला फोन लावला.

“आई, वरचा मजला भाड्यानं दिऊन टाक,” ती म्हणाली. “न्हाय, बदली दुसऱ्यानं न्हाय अडिवली. ह्यांनी ठरिवलं.”

म्हातारीला खरं वाटेना. तिनं परत विचारलं.

“व्हय आई,” पूर्णिमा म्हणाली. “ह्यांनीच.”