मीठ शे

हिलाल सर वर्गात जाताना खडू विसरतात, डस्टर विसरतात, कधी कधी हजेरीपटही विसरतात. पण ब्लूटूथचा स्पीकर विसरले असं एकदाही झालेलं नाही. तो काळा डबा काखोटीला मारून ते दहावी 'ब'च्या दारात उभे राहिले की पोरं आपणहून बाकं मागे सरकवू लागतात. विज्ञानाच्या तासाला बाकं कशाला सरकवायची, असं तुम्ही विचाराल. नाचायला.

मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवते, हे माझं नशीब. धुळ्याच्या बाहेर आमची शाळा आहे आणि दोन वर्गांमधली भिंत नावालाच भिंत आहे. मी इकडे घसा फोडून कर्मणी प्रयोग समजावत असते आणि तिकडून दणदण सुरू होते. माझी पोरं वहीत बघतात, पण त्यांचे पाय बाकाखाली ठेका धरतात. सहा वर्षं मी हे सोसते आहे. डोकेदुखीच्या गोळ्या मी पर्समध्ये ठेवते त्या सासूमुळे, असा माझ्या नवऱ्याचा समज आहे. त्या हिलाल सरांमुळे आहेत.

सरांची पद्धत अशी. लग्नसराईत जे अहिराणी गाणं गाजेल, ज्यावर हळदीला आजीपासून नातवापर्यंत सगळे नाचतील, त्याची चाल उचलायची आणि तीत धडा बसवायचा. रासायनिक बंध शिकवायचे तर हे असे:

"सोडियम नवरदेव, क्लोरीन नवरी शे,
दोन्हीस्ना संसारनं नाव मीठ शे."

'शे' म्हणजे आपलं 'आहे'. दुसरी ओळ दोनदा. मग बाकांवर थाप.

मी एकदा त्यांना स्टाफरूममध्ये गाठलं. म्हटलं, "सर, ही शाळा आहे, हळदीचा मांडव नाही."

सर कुणाशीही अहिराणीतच बोलतात. मुख्याध्यापकांशीही. शांतपणे म्हणाले, "मॅडम, ग्यान पायमाईन डोकामा जास. तुमना तासले पोरे झोपतस, मना तासले नाचतस. झोपेल पोऱ्याले काय येस?"

पायातून डोक्यात! हे त्यांचं पालुपद. ज्ञान पायातून वर चढतं म्हणे. माझ्या तासाला पोरं झोपतात हे त्यांना कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही, कारण ते खरं होतं.

मागच्या उन्हाळ्यात शाळेतल्या क्लार्कच्या मुलीचं लग्न पारोळ्याला होतं. वरातीत बँडवाल्यांनी तीच चाल धरली. आमची पोरं नाचत होतीच. एकाने सुरुवात केली, "सोडियम नवरदेव," आणि बघता बघता अख्खी दहावी वरातीच्या मधोमध रसायनशास्त्र गाऊ लागली. घोड्यावरचा नवरदेव गोंधळला. वरबाप माझ्याजवळ येऊन हात जोडून म्हणाले, "मॅडम, हाई कोनता देवनं गानं शे?" मी काय सांगणार? म्हटलं, आमच्या शाळेचं आहे. मागे हिलाल सर फेट्याचं टोक धरून नाचत होते.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पण या वर्षी सराव परीक्षेचे पेपर दुसऱ्या शाळेत तपासायला गेले आणि घोटाळा झाला. तिथल्या विज्ञानाच्या बाई मूळच्या कोकणातल्या, नव्यानेच खानदेशात आलेल्या. त्यांनी गठ्ठा परत पाठवला, सोबत चिठ्ठी: "उत्तरे बहुतांशी बरोबर आहेत. परंतु सर्व विद्यार्थ्यांनी प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'शे' हा आकडा का लिहिला आहे? 'मीठ शे' म्हणजे किती मीठ? तसेच प्रत्येकाने दुसरे वाक्य दोनदा लिहिले आहे. सामूहिक कॉपीचा संशय येतो. खुलासा व्हावा."

मी ते पेपर स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचले. 'पाणी हे संयुग शे.' 'आम्लनी चव आंबट शे.' एकाने तर कंसात 'थाप' असंही लिहिलं होतं. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हिलाल सर दारात उभे होते. तेही थोडं हसले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले.

मुख्याध्यापक मात्र हसले नाहीत. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, बोर्डाच्या पेपरात असं झालं तर शाळेचं नाव जाईल. तुम्ही मराठीच्या. सोमवारी मला लेखी अहवाल द्या की या गाण्यांमुळे पोरांची भाषा बिघडली. दहावी मी सरांकडून काढून घेतो. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, पाचवीला कार्यानुभव घेऊ दे त्यांना."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. भिंत शांत होणार होती. पण माणसाच्या पाठीमागे लिहिणं बरं नव्हे, म्हणून रविवारी दुपारी मी देवपुरात त्यांच्या घरी गेले. तोंडावर सांगायचं आणि यायचं, एवढंच ठरवलं होतं.

सर एकटे राहतात असं आम्ही धरून चाललो होतो. दार उघडलं ते एका म्हाताऱ्या बाईंनी, नऊवारी, हातात भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप. "मनी मोठी बहीन. अक्का," सर म्हणाले. अक्कांचे यजमान गेल्यापासून त्या धाकट्या भावाकडेच असतात. सरांपुढे विजेच्या धड्याचं पुस्तक उघडं होतं आणि नवं गाणं अर्धं झालेलं. ते एकेक ओळ म्हणत आणि अक्का शेंगा फोडता फोडता निकाल देत. "हाई नही समजनं. परत सांग." सर खाडाखोड करत.

"अक्काले समजनं म्हंजे बठ्ठा वर्गले समजनं," ते मला म्हणाले. अक्कांना कळलं की सगळ्या वर्गाला कळणार, हा त्यांचा हिशेब.

मी अहवालाचं सांगून टाकलं. सरांनी ऐकून घेतलं. अक्का चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा ते हळू आवाजात बोलू लागले.

दोघं भावंडं गावच्या शाळेत एकाच खोलीत बसत. अक्का तिसरीत, सर पहिलीत. एकदा गुरुजींनी विचारलं, पाऊस कसा पडतो? हात फक्त अक्कांनी वर केला. उभ्या राहून घडाघडा सांगितलं, "समिंदरनं पानी तपस, त्यानी वाफ व्हस, वर जाईसन तिना ढग बनतस, आन मंग पानी पडस." एक अक्षर चुकीचं नव्हतं. पण गुरुजी परगावचे. त्यांनी तिची नक्कल केली, "तपस! व्हस! पडस!" आणि वर्ग हसत सुटला. दुसऱ्या दिवसापासून अक्का शाळेत गेल्या नाहीत. घरच्यांनीही आग्रह केला नाही, शेळ्या होत्याच.

"मीबी हासनू, मॅडम," सर म्हणाले. "बठ्ठास्पेक्षा जोरमा हासनू."

मला लाज वाटली. इतकी की समोर आलेला चहा मी गरम गरमच घशाखाली ओतला. तरी हट्ट सोडला नाही. म्हटलं, "सर, ते सगळं खरं. पण बोर्डाच्या पेपरात 'आहे'च लागणार. बसवा 'आहे' चालीत." त्यांनी बसवून पाहिलं. बसेना. मी प्रयत्न केला. अक्का ऐकत होत्या. म्हणाल्या, "आहे म्हनं का पाय अडकस."

निघताना अक्का मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. आमचं बोलणं त्यांनी आतून ऐकलं असावं. पदराने हात पुसत त्यांनी विचारलं, "बाई, तवय मी काय म्हनाले जोयजे व्हतं?"

"तुम्ही गुरुजींना म्हणालात तेच बरोबर होतं, अक्का."

"मंग त्या हासनात काब्र?"

ते का हसले, हाच प्रश्न घेऊन मी फाटकाबाहेर पडले.

सोमवारी मी अहवाल दिला. तीनच वाक्यं होती. विद्यार्थ्यांना विज्ञान समजलेलं आहे. बोलीतलं वाक्य प्रमाण मराठीत कसं लिहायचं, हे त्यांना मराठीच्या तासाला शिकवायला हवं होतं. ते शिकवलं गेलेलं नाही.

मुख्याध्यापकांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "मॅडम, ही तक्रार कुणाविरुद्ध आहे?"

"माझ्याविरुद्ध," मी म्हटलं.