पालवकाकांचा कॅप्टन

पालवकाकांनी सांगितलेली एकही गोष्ट बरोबर निघाल्याचं मला आठवत नाही. साधा रस्ता विचारा. काका सांगणार, मशिदीनंतर डावीकडे वळा. वळायचं असायचं उजवीकडे, तेही मशिदीच्या आधी. कोणाच्या मुलीचं लग्न नागपूरला झालं असेल तर ते नाशिकला लावून देत. बरं, चूक जितकी मोठी, तितके ते ठासून म्हणत, "शंभर टक्के!" त्यामुळे इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरांना एक सोय झाली होती. काका शंभर टक्के म्हणाले, की माणूस गुपचूप दुसऱ्या कोणाला तरी विचारून घेई.

आणि हा माणूस कामाला कुठे, तर मुसफ्फामध्ये मापं तपासणाऱ्या कंपनीत! गॅरेजमधली हवेची मीटरं, गोदामांतले वजनकाटे, कारखान्यांतले थर्मामीटर. काका ते तपासत, बिघडलेला काटा जागेवर आणत आणि त्यावर आपल्या सहीचं स्टिकर चिकटवत. त्या स्टिकरवर अख्ख्या औद्योगिक वस्तीचा भरवसा. माझे यजमान म्हणत, "दिवसभर इतकं बरोबर वागून माणूस थकत असेल. घरी येऊन चुकतो बिचारा."

काकांची चूक दुरुस्त करायला घरात मंदाकाकू होत्या. काकू देवगडकडच्या. उंचीने लहान, आवाजाने मोठ्या. काकांनी तोंड उघडलं की त्या हातातलं काम टाकून येत. "अहो, नाय! तसा नाय ता!" इथून सुरुवात. मग खरं काय झालं ते त्या इतकं रंगवून सांगत, की आपण कशाबद्दल विचारलं होतं तेही विसरायला होई.

मी शाळेच्या लायब्ररीत काम करते. "नीलाला गप्प बसायचा पगार मिळतो," असं काका म्हणत. त्यांचं हे एक विधान त्यातल्या त्यात बरोबर होतं. चार माणसांत मला बोलायला सुचत नाही. म्हणून असेल, पण काकूंच्या स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर बसून त्या दोघांना ऐकणं हे माझं शनिवार संध्याकाळचं काम झालं होतं. काकूंना जाऊन आता वर्ष होईल. दोघांबद्दल लिहावं असं फार वाटत होतं, पण एकाचं वाक्य लिहिलं की दुसऱ्याचं कानात वाजे, आणि हात थांबे.

त्या दोघांची सगळ्यांत गाजलेली गोष्ट म्हणजे कॅरिबियनची क्रूझ. त्यांची मुलगी अटलांटाला असते. लग्नाच्या वाढदिवसाला तिने आईबाबांना बोलावून घेतलं आणि फ्लोरिडाहून सुटणाऱ्या एका मोठ्या बोटीत बसवून दिलं. आठवडाभराची सफर, ती आम्ही तीन वर्षं ऐकली. दर शनिवारी कोणी ना कोणी नवीन आलेलं असे. चहा व्हायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा व्हायच्या, आणि मग आत आंबोळ्या घालत असलेल्या काकू तव्यावरून नजर न काढता ओरडत, "अहो, ते कॅप्टनचं सांगा ना!"

काका घसा साफ करत. "पहिल्याच संध्याकाळी बरं का, आम्ही जेवायला बसलो, आणि बोटीचा कॅप्टन स्वतः आमच्या टेबलाशी आला. सोनेरी बटणं, पांढरा युनिफॉर्म. म्हणाला, मिस्टर पालव, वेलकम. शंभर टक्के!"

तोवर काकू उलथनं घेऊन दारात आलेल्या असत. "कॅप्टन कुठला! पाणी वाढणारा बाप्या होता तो, मडगावचा. पांढरा शर्ट दिसला की ह्यांना सगळेच कॅप्टन! मी कोकणीत विचारलं, बाबा, साधा भात मिळेल का? त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाला, आई, इतकी वर्षं बोटीवर आहे, भात कोणी असा मागितला नाही. रोज माझ्यासाठी आतून वाटीभर वरणभात आणायचा. तुमच्या ह्या काकांसाठी नाही हां, फक्त माझ्यासाठी."

"मी मागितला नाही म्हणून."

"तुम्ही कॅप्टनबरोबर बसला होता ना!"

लोक हसत. काका न हसता पुढची चूक करत. खोलीच्या खिडकीतून पहाटे समुद्र कसा दिसायचा, ते सांगू लागत. माझा मुलगा म्हणे, "काका, लास्ट टाइम यू सेड बाल्कनी." काका म्हणत, "बाल्कनीच. शंभर टक्के." मग काकू कपाळावर हात मारत. खोली बोटीच्या पोटात होती. खिडकी नव्हती, बाल्कनी नव्हती, दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नसे. पण टीव्हीवर एक चॅनल होतं, त्यावर बोटीच्या पुढचा समुद्र चोवीस तास दाखवत. "म्हणजे बघ गो," काकू मला सांगत, "आम्ही समुद्रात बसून टीव्हीवर समुद्र बघत होतो. हे तर म्हणाले, आवाज वाढव, लाटा नीट ऐकू येत नाहीत."

बोट सुटण्याआधी सगळ्यांना संकटात काय करायचं त्याची तालीम देतात. काकांच्या म्हणण्याप्रमाणे तालमीला मंदा पोह्यांचा डबा घेऊन हजर झाली. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी फक्त पासपोर्ट घेतले होते. डबा काकांच्या हातात होता, आणि ऑफिसरने विचारल्यावर काकांनी त्याला पोहे देऊ केले होते. त्यांच्या हॉलमध्ये त्या सफरीचा एक मोठा फोटो आहे. दोघं नटूनथटून उभी, मागे केशरी सूर्यास्त. काका नव्या माणसाला हाताला धरून तिथे नेत. "हा सूर्यास्त बघा. असा रंग इथे नाही, कोकणात नाही." काकू लगेच, "तो पडदा आहे हो! रंगवलेला. खरा सूर्यास्त फोटोवाल्याच्या मागे चालला होता, कोणी बघेना. मी बघत होते, म्हणून फोटोत माझी नजर भलतीकडे आहे." आणि खरंच, फोटोत काकू कॅमेऱ्याच्या थोडं पलीकडे बघताहेत.

मला स्वतःला जमैकाचा भाग आवडायचा. काका सांगत, तिथे रस्त्यावर एक बाई निखाऱ्यांवर कोहळा भाजत होती. "कोहळा?" काकूंचा आवाज इथे नेहमी एक पट्टी वर जाई. "अहो, नीरफणस! माझ्या माहेरी विहिरीपाशी झाड होतं. सातासमुद्रापलीकडे माझ्या माहेरचा नीरफणस, आणि हे म्हणतात कोहळा!" त्या बाईपाशी त्या फतकल मारून बसल्या. काप कसे करायचे, तिखटमीठ कसं चोळायचं, रव्यात कसे घोळवायचे, सगळं हातवारे करून सांगितलं. तिला मालवणी कळेना, काकूंना तिचं इंग्रजी कळेना. निघताना बाईने पैसे घेतले नाहीत. "एवढं बोलले मी परक्या देशात," काकू म्हणत, "माझा मलाच विश्वास बसेना."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून सोडून दिलं होतं.

काकू रमझानच्या आधी गेल्या. तीन दिवस हॉस्पिटलात होत्या, आणि खलास. सगळं इथेच झालं. मुलगी आली, राहिली, बाबांना चला म्हणाली. काका म्हणाले, रिटायरमेंट झाली की बघू, इन्शाल्ला.

पुढे एका शनिवारी आम्ही काहीजण त्यांच्याकडे नुसते बसायला गेलो होतो. बरोबर यजमानांच्या ऑफिसातले एक नवीन गृहस्थ होते. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या फोटोबद्दल विचारलं. वा, काय सूर्यास्त आहे!

"तो पडदा आहे," काका म्हणाले. "खरा सूर्यास्त समोर होता. ती तो बघते आहे."

गृहस्थांनी मान हलवली. काकांनी सफरीचं बाकी सगळंही सांगितलं. खोलीला खिडकी नव्हती. पोह्यांचा डबा त्यांच्याच हातात होता. जमैकाला नीरफणस मिळतो. एकेक गोष्ट त्यांच्या स्टिकरसारखी, चोख. चहा निवायच्या आत कॅरिबियन संपलं. कोणी हसलं नाही, कारण हसण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर बसले होते. या माणसाला सगळं पहिल्यापासून नीट ठाऊक होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी डबा द्यायला गेले तेव्हा राहवलं नाही. "काका, तुम्हाला सगळं बरोबर आठवतं की."

त्यांनी डबा घेतला, झाकण उघडून बघितलं, पुन्हा लावलं.

"मंदा इथे आली ना, तेव्हा कोणाशी बोलायची नाही," ते म्हणाले. "खोटं वाटेल तुला. आम्ही नवीन होतो. कंपनीतल्या साहेबांच्या बायका मुंबई-पुण्याच्या, फाडफाड इंग्लिश. ही कोपऱ्यात बसायची. घरी आली की म्हणायची, मला नेऊ नका हो, मी बोलले की माझं गाव दिसतं. एकदा एकांकडे आंबोळीचा विषय निघाला. मी आपलं म्हणालो, त्यात मैदा घालतात. खरंच चुकलो होतो हां तेव्हा. मला काय माहीत आंबोळीत काय असतं! तर ही कोपऱ्यातून एकदम, 'अहो, नाय! तसा नाय ता!' आणि जी सुटली! तांदूळ कुठला, उडीद किती, तवा कसा. त्या बायका हातातले कप तसेच धरून ऐकत होत्या. जेवण गार झालं."

"आणि तेव्हापासून?"

"तेव्हापासून काय! मला काटा जागेवर आणता येतो, म्हणजे हलवताही येतोच की. मी हलवायचा, तिने जागेवर आणायचा. आधी आधी ठरवून करायचो. मग सवय झाली."

काका फोटोकडे बघत होते.

"एकच राहिलं बघ," ते म्हणाले. "तिला हे कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. विचारता येत नव्हतं. विचारलं की संपलंच ना सगळं. पण आता वाटतं... इतकी वर्षं तिला वाटत असेल, आपला नवरा एक नंबरचा धांदरट. जाताना तेच घेऊन गेली असेल. तुला काय वाटतं? तू तिच्यापाशी बसायचीस. कधी काही म्हणाली?"

काकू मला कधीच काही म्हणाल्या नव्हत्या. तसं सांगितलं. काकांनी मान हलवली, डबा आत नेला, आणि मी खाली घरी आले. पुढचे कितीतरी दिवस त्यांचा तो प्रश्न माझ्याबरोबर लायब्ररीत येई, परतीच्या बसमध्ये शेजारी बसे. मला बोलायला उशिरा सुचतं. तसं याचं उत्तरही उशिरा सुचलं, आणि ते इतके दिवस माझ्या कानांत होतं.

सुचलं त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी सगळ्यांना आमच्याकडे बोलावलं. काका यायला तयार नव्हते. माझा मुलगा वर जाऊन त्यांना "यल्ला काका, यल्ला" करत घेऊन आला. तिसऱ्या मजल्यावर सांगलीकडचं नवीन जोडपं आलंय, तेही होतं. त्यातली मुलगी साडीचा पदर बोटाला गुंडाळत खुर्चीच्या कडेवर बसली होती. चहा झाला, पाऊसपाण्याच्या, गाड्यांच्या, शाळांच्या फीच्या गप्पा झाल्या. काका विचारलं तेवढंच बोलत होते. मी आत तव्यापाशी होते. आंबोळी उलटली, आणि तव्यावरून नजर न काढता, आजवर माझ्या घरात मी काढला नव्हता एवढ्या आवाजात म्हणाले,

"काका, ते कॅप्टनचं सांगा ना!"

मी दारात आले. काका माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या उलथन्याकडे.

"असंच म्हणायची ना ती?" ते हळूच म्हणाले. "आतून. दर वेळी."

"दर वेळी," मी म्हणाले. "तुम्ही विसरलात तर आठवण करून द्यायच्या. कॅप्टनचं सांगा, म्हणून."

"आणि कॅप्टन तर आलाच नव्हता..."

"तुमच्या शेजारीच बसल्या होत्या त्या, काका. त्यांना माहीत नव्हतं का, कोण आलं होतं ते?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले. बाकीच्यांना काही कळलं नाही. मग त्यांनी चष्मा लावला, घसा साफ केला, आणि त्या सांगलीच्या मुलीकडे वळले.

"आम्ही कॅरिबियनला गेलो होतो, बरं का. पहिल्याच संध्याकाळी जेवायला बसलो, आणि बोटीचा कॅप्टन स्वतः आमच्या टेबलाशी आला. सोनेरी बटणं." ते थांबले. "शंभर टक्के!"

सगळे ऐकत होते. काकांनी मान थोडी स्वयंपाकघराकडे वळवली आणि वाट बघितली.

माझ्या मागे तव्यावरची आंबोळी करपायला लागली होती. मी ती करपू दिली.

"कॅप्टन कुठला!" मी म्हणाले.