शिंदे सिस्टरची पाणकोबी

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत लोक उशिरा उठायचे, दाढी करायचे, मटणाला जायचे. शिंदे सिस्टर त्या वेळी झाडांना जेवायला वाढायच्या.

वाढायच्या म्हणजे अगदी पंगत बसवून. त्यांच्या मागच्या अंगणात एक हौद होता. त्यावर कोबीच्या छोट्या गड्ड्यांसारखी हिरवी रोपं तरंगायची. त्यांचं खरं नाव काय ते देव जाणे, आम्ही त्यांना पाणकोबी म्हणायचो. सिस्टर एकेक रोप उचलायच्या, मुळ्या निथळू द्यायच्या आणि शेजारच्या लाल टबात सोडायच्या. टबातल्या पाण्यात खताची चिमूट विरघळवलेली असायची. दिवसभर रोपांनी तिथं जेवायचं. संध्याकाळी साध्या पाण्यात मुळ्या दोनदा खळबळून घ्यायच्या आणि मगच रोपं घरी, म्हणजे हौदात. कारण हौदात मासे होते.

"झाडाचं जेवण माशाला बाधतं, सर," त्या मला म्हणायच्या. "दोघांचं ताट एकच केलं तर दोघंबी जातील."

मी पुंडलिकनगरात राहायला आलो तेव्हा शाळेत चित्रकला शिकवत होतो. त्यामुळं गल्लीला मी 'सर'. सिस्टर, म्हणजे दारावरच्या पाटीवरच्या कुसुम शिंदे, सरकारी दवाखान्यातून नुकत्याच निवृत्त झालेल्या. माणूस निवृत्त होतो, पण नर्स निवृत्त होत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. माझी बायको सुनंदा साधं शिंकली, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "ताप हाय का नुसती सर्दी?"

उंचीला कमी, चालणं झपाझप, पदर कमरेला खोचलेला. बसलेल्या सिस्टर मी कधी पाहिल्या नाहीत. चहासुद्धा उभ्यानं, आणि तोही अर्धा. उरलेला अर्धा कप कुठल्या तरी कठड्यावर निवत पडायचा. आमच्याकडं आल्या की बोलता बोलता पडद्याची रिंग नीट करायच्या, सुनंदाची भाजी ढवळायच्या आणि वाक्य अर्धवट सोडून एकदम निघायच्या. "येते मी. पेशंट एकटे हाईत."

पेशंट म्हणजे पाणकोबी. लाल टब म्हणजे वॉर्ड. खत म्हणजे डोस. "डोस हा डोस असतो, प्रसाद नव्हे!" हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणी जेवताना भाजीत वरून मीठ घेतलं तरी ते ऐकावं लागायचं.

हौद खणायला सुरुवात झाली तेव्हा गल्लीनं सिस्टरचं कौतुक केलं होतं. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसायचा. घराघरांत पिंपं, हंडे, बादल्या, अगदी वरणाचं मोठं पातेलंसुद्धा भरून ठेवलेलं. सिस्टर साठवणीचा हौद बांधतायत म्हटल्यावर दोघातिघांनी गवंड्याचा पत्तासुद्धा विचारून घेतला. मग एके दिवशी त्यात मासे आले. आधी डास खाणारे बारके गप्पी, मग केशरी रंगाचे चांगले वीतभर लांब मासे. पाठोपाठ पाणकोबी. गल्ली हबकली.

आमच्या शेजारचे सलीमभाई रिक्षांच्या सीटची कव्हरं शिवायचे. ते भिंतीवरून वाकून म्हणाले, "सिस्टर, यहाँ आदमी को पानी नहीं, और तुम मछली कू नहला रै?"

"बोअरचं पाणी हाय, सलीमभाई. खारट. तुम्हाला चालत असंल तर तुम्हीबी या पोहायला."

सलीमभाई परत त्या विषयावर बोलले नाहीत.

पण पाणकोबी सिस्टरना स्वस्थ बसू देत नसे. हौद मोठा, मासे थोडे. माशांच्या घाणीवर जेवढं पोषण व्हायचं तेवढ्यात पाणकोबीचं पोट भरेना. पानं पिवळी पडायची. पान पिवळं दिसलं की सिस्टरचा चेहरा असा व्हायचा, जणू वॉर्डात कुणाचं तरी ब्लडप्रेशर उतरलंय. कुणी तरी सुचवलं, मासे वाढवा. त्या म्हणाल्या, "पेशंट वाढवून दवाखाना सुधारत नसतो."

खत आणायला त्या मला एकदा सोबत घेऊन गेल्या. मोंढ्याच्या बाजारात बियाण्या-खताचं दुकान. दुकानदारानं सवयीनं विचारलं, "कोणतं पीक हाय, बाई?"

"मासे."

"माशाला खत नसतंय."

"माशाला नाय घालायचं म्हणूनच तर विचारते! ह्यात तांबं किती हाय ते सांगा."

दुकानदार पुडा उलटासुलटा करू लागला. सिस्टरनं चष्मा चढवला आणि पुड्यावरचा बारीक मजकूर डोळ्यांखालून घातला. तांबं असलं तर नको, माशाला लगेच लागतं. युरिया तर मुळीच नको, पाण्यात त्याचं कुजून विष होतं, उन्हाळ्यात तर जास्तच. लोह पाहिजे, पालाश पाहिजे, तेही नखावर मावेल एवढं. मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती. एक शेतकरी वैतागून म्हणाला, "ओ मावशी, किती एकर हाय?"

"एक हौद!" सिस्टर म्हणाल्या, आणि लोह असलेली एक लहानशी पुडी घेऊन बाहेर पडल्या.

आता त्यांच्या यजमानांबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. उंच, गोरे, पांढरंशुभ्र धोतर. सिल्लोडकडं त्यांची जमीन होती, ती आता पुतण्या करायचा. अण्णा दिवसभर हौदाकाठी वेताच्या खुर्चीत बसून पाण्याकडं पाहत असायचे. नमस्कार केला की हात जोडायचे, मंद हसायचे, पण बोलायचे नाहीत. गल्लीचं म्हणणं, सिस्टरपुढं कोण काय बोलणार! सलीमभाई म्हणायचे, "नसीबवाला आदमी है, सुनने का काम पक्का." आम्ही सगळे हसायचो.

त्या उन्हाळ्यात सिस्टर आजारी पडल्या. ही बातमी गल्लीत अशी फिरली, जणू चौकातल्या टॉवरचं घड्याळ बंद पडलंय. त्यांना सणकून ताप आला होता. दोन दिवस त्या पलंगावर होत्या, आणि तिथूनही सुनंदाला पेज कशी करायची ते सांगत होत्या. मधेच उठून बसायच्या. "अण्णा कुठं हाईत?" सुनंदा सांगायची, मागं खुर्चीवर बसलेत. मग परत आडव्या व्हायच्या, पुन्हा थोड्या वेळानं तेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. मी आणि सलीमभाई एकदमच मागच्या दारानं आत शिरलो.

हौदातले मासे वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर काढून आ वासत होते. काही एका कुशीवर कलले होते. पाण्याला उग्र वास येत होता. सिस्टर अंगात ताप घेऊन काठावर उभ्या होत्या, केस सुटलेले. हौदाच्या काठाशी खताची गोणी तोंड उघडी पडली होती. पुतण्याला तिकडं युरिया मिळत नव्हता म्हणून त्यानं इथून घेतला होता आणि गावाला न्यायला म्हणून ओसरीत टेकवून ठेवला होता.

"पाणी!" सिस्टर म्हणाल्या. "दुसरं पाणी पाहिजे, आत्ताच्या आत्ता. बोअर आटलाय."

"टँकर बोलावू?" मी विचारलं.

"टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतंय, त्यानं तर उरलेलेबी जातील. शिळं पाणी पाहिजे. उघड्यावर राहिलेलं."

मी आणि सलीमभाई एकमेकांकडं पाहतच राहिलो. शिळं पाणी! आमच्या गल्लीत दुसरं होतंच काय?

सलीमभाई रस्त्यावर जाऊन ओरडले. त्यानंतर जे झालं ते मी आजही विसरलेलो नाही. ज्या गल्लीत शेजाऱ्याला तांब्याभर पाणी देताना लोक आभाळाकडं बघायचे, तिथून पिंपं येऊ लागली. हंडे आले, बादल्या आल्या. सलीमभाईंच्या घरून तर नव्या सुनेच्या आंदणातलं मोठं भगुणं आलं. सिस्टर हुकूम सोडत होत्या. "उन्हात नका ठेवू! हातानं नका धरू, चाळणीनं उचला! ओ काका, एका बादलीत दोनच, लग्नाचं वऱ्हाड हाय का ते?" सुनंदा तांब्यानं उंचावरून पाणी परत पाण्यातच ओतत होती, म्हणजे त्यात हवा मिसळेल. ताप विसरून सिस्टर या बादलीकडून त्या पिंपाकडं धावत होत्या. मध्येच एखादा मासा कलला की गुडघ्यावर बसून त्याला बोटानं हळू सरळ करायच्या.

दुपार होईपर्यंत बरेच मासे सावरले. सगळ्यांत मोठा केशरी मासा मात्र गेला. सिस्टरनं तो पदरात घेतला आणि पेरूच्या झाडाखाली नेऊन पुरला.

लोक दमून सावलीला टेकले होते. तेव्हा कुणी तरी विचारलंच, "पण सिस्टर, हौदात युरिया टाकला कुणी?"

त्याच वेळी माझी नजर अण्णांकडं गेली. ते आपल्या खुर्चीत शांत बसले होते. त्यांच्या धोतराच्या निऱ्यांमध्ये पांढरे दाणे अडकले होते. दोन्ही तळहातांना पांढरट भुकटी होती. एवढ्या धावपळीत तिकडं कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

सिस्टर दोन पावलं सरकून माझ्या आणि त्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"मीच टाकला," त्या म्हणाल्या. "तापात भ्रम झाला मला. डोस चुकला."

मग कुणी तरी खुदकन हसलं आणि गल्लीला तोंड फुटलं. सिस्टरचा डोस चुकला! आयुष्यभर ज्यांनी आम्हाला मिठाच्या चिमटीवरून झापलं, त्यांनी गोणीच पालथी केली! त्यानंतर कितीतरी महिने, कुणाच्या चहात साखर जास्त पडली की "सिस्टरनं केला का?" असा विनोद व्हायचा. त्यांच्या तोंडावर व्हायचा. त्या ऐकून घ्यायच्या.

त्या दिवशी संध्याकाळी मी आमचं पिंप परत आणायला गेलो. सिस्टर मागच्या दारातच उभ्या होत्या. मला पाहून आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, तुम्ही पाहिलं ना दुपारी?"

मी मान हलवली.

"कुणाला बोलू नका. गल्लीत कळलं की लोक त्यांच्याशी लहान पोराशी बोलतात तसं बोलाया लागतील. ते मला बघवायचं नाय."

मग त्या बोलत राहिल्या, हातातलं फडकं घट्ट पिळत. अण्णांना आठवेनासं झालं त्याला बरेच दिवस झाले होते. शेतावर जातो म्हणून घरातून निघायचे. एकदा शहराबाहेर हर्सूलच्या पुढं सापडले, उन्हात, अनवाणी, सिल्लोडच्या रस्त्याला लागलेले. डॉक्टरांनी औषधं दिली, कुणी कुलूप लावायला सांगितलं. कुलूप लावायला त्यांचा हात धजेना. मग एकदा दोघं नात्यातल्या लग्नाला गेले असताना तिथल्या विहिरीच्या काठावर अण्णा तासन्‌तास बसून राहिले, उठायचं नावच घेतलं नाही. घरी आल्यावर सिस्टरनं गवंडी बोलावला.

"पाणी दिसलं की बसतात. पण पाण्यावर हिरवं पाहिजे. पिवळं दिसलं की यांचा जीव थाऱ्यावर राहत नाय. पिकाला काय झालं, पिकाला काय झालं म्हणत उठतात, अन् निघतात." त्यांनी फडकं झटकलं. "मी दोन दिवस पडले. पानं पिवळी झाली. त्यांनी तरी काय करावं?"

मी पिंपाला हात घातला. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. इतक्या दिवसांत अण्णांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. भरदार, घरंदाज आवाज.

"ताई, जरा इकडं या."

सिस्टर गेल्या.

"तुम्ही कुठल्या म्हणायच्या?"

"सिल्लोडकडचीच हाय मी."

"असं? मग आमच्या कुसुमला ओळखत असाल. दवाखान्यात हाय ती शहरात. लई राबते."

सिस्टरनं धोतरावरचा एक दाणा चिमटीत उचलला. "ओळखते की."

"भेटली तर तिला सांगा, पीक पिवळं पडलं होतं, मी खत घातलंय. आता कशाची काळजी करू नको म्हणावं."

"सांगते," सिस्टर म्हणाल्या. "लई आनंद होईल तिला."