वसंतरावांचे बाण

वसंतरावांच्या अंगणातल्या तारेवर कपडे कमी आणि बाण जास्त वाळतात. म्हणजे अजून पिसं न लावलेल्या, चिमट्यांना टांगलेल्या सागाच्या काड्या. खाली बसलेले वसंतराव जाणाऱ्यायेणाऱ्याला थांबवतात, "भाऊ, रंग कसा वाटून राह्यला?"

"चांगला" म्हटलं की ते नाराज होतात. "चांगला म्हणजे काय? फिक्का का गडद?"

मला मोघम उत्तर देणं जमत नाही. मी चष्मा लावून दोन काड्या शेजारीशेजारी धरतो. "डावी किंचित लाल आहे." झालं, डावी काडी परत घासायला जाते.

आधी काताचं पाणी, मग जवसाचं तेल. तेल चोळायचं, वाळवायचं, पुन्हा चोळायचं. कोणी घाई केली की म्हणतात, "पिऊ द्या त्याले." तेलाच्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेटतो म्हणून त्याही तारेवर एकेक पसरलेल्या. नवखे पाहुणे ते घरचं धुणं समजून गप्प बसतात.

हे बाण मैदानावर तिरंदाजी शिकणाऱ्या मुलींसाठी. पण दिवाळीपासून एकही बाण तिकडे गेला नव्हता. मुली विचारायला आल्या, "काका, काहून देत नाही?"

"रंग बसला नाही."

रंगवायचं, घासायचं, पुन्हा रंगवायचं. काड्या झिजत चालल्या. शेवटी मी म्हणालो, "आता यांनी कान कोरता येतील."

ते हसले नाहीत. म्हणाले, "पास करणारीलेच दिसत नाही, भाऊ."

दिवाळीपर्यंत प्रत्येक बाणाचा रंग वहिनी, म्हणजे वसंतरावांच्या पत्नी, पास करायच्या. त्यांचा एक डोळा पूर्वीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डॉक्टर ऑपरेशनची खात्री देत नव्हते.

ऑपरेशन मागच्या आठवड्यात झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर मीच दोघांना गाडीतून घरी आणलं. अंगणात वहिनींनी काळा चष्मा वर केला आणि तारेवरची एक काडी काढली. वसंतरावांनी पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

"हे कोणं पास केली? इकडून डाग हाये."

"भाऊनं."

"भाऊले काय समजते त्यातलं."

इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. वसंतराव पायरीवर बसले. हाताला आली ती चिंधी घेऊन त्यांनी डोळे पुसले.

"तेलाची हाये ते," वहिनी म्हणाल्या. "गालाले लागलं पाहा."

"तेबी दिसलं तुले?"

मी रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. गाल तसाच ठेवून वहिनींकडे पाहत बसले.