सोनवणे सर झोपू देत नाहीत

आमच्या स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं टेकवायची सोय नाही. टेकवलं की भूगोलाचे सोनवणे सर खांदा हलवणार आणि आपल्या साक्रीकडच्या अहिराणीत विचारणार, "जाग्या शेतस ना?" जाग्या आहात ना? एकदा मीटिंगमध्ये प्राचार्यांचे डोळे मिटले, तर सरांनी त्यांनाही हलवलं. मी चिंतन करत होतो, असं प्राचार्य म्हणाले. चिंतन डोळे उघडे ठेवूनही जमतं, असं सरांनी त्यांना समजावलं.

त्या वर्षी कॉलेज तपासायला समिती यायची होती. शिकवणं बाजूला राहिलं. झाडं लावल्याचे, झाडू मारल्याचे, अगदी हात धुतल्याचेसुद्धा फोटो गोळा करायचे, हेच काम. तीन विभागांच्या फायली माझ्या गळ्यात. डबा तसाच घरी जायचा. छातीत धडधडायचं; पण सांगणार कुणाला, सगळ्यांचंच धडधडत होतं.

एका दुपारी मी डोकं टेकवलं आणि सर आलेच. मी सगळ्यांदेखत ओरडले, दोन मिनिटं मरू तरी द्या मला. सर पांढरेफटक पडले. मी तरातरा उठले, तर भिंतच फिरली. मग सरांनीच मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बीपी भलतंच चढलं होतं. डॉक्टरांनी आठवडाभर घरी बसवलं.

बाहेर बाकावर माझ्या नवऱ्याची वाट बघताना सर बोलायला लागले. पूर्वी ते धुळ्याच्या कॉलेजात होते. शेजारच्या टेबलावर देवरे सर, त्यांचे मित्र. पेपर तपासून थकले आणि तिथेच डोकं टेकवून पडले.

"मी पंखा वाढवला त्याच्यासाठी," सर म्हणाले. "झोपू दे म्हटलं बिचाऱ्याला. शिपायानं हात लावला, तेव्हा गार पडला होता."



दुसऱ्या दिवशी ते प्राचार्यांकडे गेले. समितीला चार फोटो कमी चालतील, आपल्याला एक माणूस कमी चालणार नाही, असं सांगून आले. प्राचार्यांनी कधी नव्हे ते ऐकलं. माझ्या फायली चौघांत वाटल्या गेल्या, आणि पाचनंतर स्टाफरूमला कुलूप लागू लागलं.

रविवारी सर मेहरूणला आमच्या घरी चौकशीला आले. मी भरीत केलं होतं. आग्रह करावा लागला नाही. जेवण झालं, सुपारी झाली, तरी उठेनात. बायको गेल्यापासून ते एकटेच असतात. सुट्टीत काय करता, असं मी सहज विचारलं.

"रविवार फार लांबतो हो," एवढंच म्हणाले.

मग पुढच्या रविवारीही या, मी म्हटलं. चपला घालता घालता सर थांबले.

"वांगी मी आणीन," ते म्हणाले. "असोद्याची. तुमची ही काही खरी नव्हेत."