आप्पांचं अस्वल

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले आप्पा सलग अकरा दिवस एका अस्वलाकडे पाठ करून बसले होते. अस्वल फोनमध्ये होतं. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून टेबलावर उभा करायचा आणि स्वतः खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करायचं, असा रोज सकाळी सातचा कार्यक्रम. रानातलं जनावर माणसाळवायचं तर त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा चाचरत सांगितलं, की आप्पा, अस्वलाला तुम्ही दिसतच नाही, त्याला तुमचा गेममधला माणूस दिसतो.

त्यांनी मान न वळवता विचारलं, "तुला कोणी सांगितलं? अस्वलानं?"

यावरचं उत्तर आमच्या इंग्रजी शाळेत शिकवलेलं नव्हतं.

आप्पा देवळ्याकडचे. थोडी शेती होती, पण पंचक्रोशीत नाव होतं ते बैलाची पारख म्हणून. कोणाला बैल घ्यायचा असला की आप्पांना बाजारात बरोबर न्यायचे. आप्पा दात बघायचे, खूर बघायचे, वशिंडावर हात फिरवायचे आणि बऱ्याच वेळानं "चालवून बघू" म्हणायचे. मोबदला चहा-भजी आणि टॉवेल-टोपी. (वशिंडाला इंग्रजीत काय म्हणतात, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं. मी घरी येऊन शोधलं.) आठ महिन्यांपूर्वी मुलानं त्यांना नाशिकला आणलं. आल्या आठवड्यात त्यांनी लिफ्टमध्ये सोसायटीच्या चेअरमनच्या कुत्र्याचं तोंड उघडून वय सांगितलं. कुत्रा चेअरमन सांगत होते त्यापेक्षा चार वर्षांनी मोठा निघाला. तेव्हापासून चेअरमन जिन्यानं जातात.

आमची ओळख पार्किंगमध्ये झाली. घरी पाहुणे आले की मी खाली जाऊन स्कूटरवर बसते आणि गेम खेळते. त्या गेममध्ये जंगलात जाऊन एखादं जनावर माणसाळवायचं, ते जन्माचं सोबती होतं, आणि मग त्याला घेऊन टीमबरोबर मोहिमेवर जायचं. माझ्याकडे एक लांडगा होता. आप्पा मागे येऊन उभे राहिलेले मला कळलंच नाही.

"मागचा डावा पाय दुखतोय त्याचा," ते म्हणाले.

मी नीट पाहिलं. लांडगा खरंच लंगडत होता. चार दिवस मी त्याला तसाच पळवत होते. कोपऱ्यात एक लाल खूण होती, ती मला दिसली नव्हती.

पुढच्या आठवड्यात आप्पांनी मुलाच्या जुन्या फोनवर गेम टाकून घेतला.

आमच्या टीममध्ये आम्ही चौघं. मी, पुण्याची दोन मुलं, आणि कॅप्टन सायली, माझी कॉलेजातली मैत्रीण. बाकीचे माइकवर बोलतात, मी टाइप करते. पाचवी जागा रिकामी होती म्हणून मी आप्पांचं नाव सुचवलं. वय सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी आप्पा माइकवर आले आणि म्हणाले, "कोणाची तू?"

सायली गडबडली. "म्हणजे?"

"गाव कोणतं?"

"निफाड. आमची द्राक्षं आहेत."

"मग चांगली माणसं. पाण्याची सोय हाय तुमच्याकडं. बोल आता, काय करायचं?"

करायचं एवढंच होतं, की रविवारच्या मोहिमेआधी एक दणकट जनावर माणसाळवायचं. लोक हे काम अर्ध्या तासात उरकतात. मासे टाकतात, मध टाकतात, विश्वासाची हिरवी पट्टी भरली की चढतात पाठीवर. आप्पांनी आधी एक रानमांजर धरलं आणि दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. "डोळा साफ नाय." मग एक घोडा. तो पहिल्याच हाकेला आला म्हणून नापास. "इतक्या पटकन येतंय म्हणजे याआधी कुणाकुणाकडं गेलंय कोण जाणे."

मग अस्वल. आप्पा आमच्याशी साधं बोलतात, पण अस्वलाशी घरच्या अहिराणीत. पाठ करून, हळू आवाजात. "तुन्हं गाव कोणतं शे, भो?" पट्टी भरायला अकरा दिवस लागले, आणि भरल्यावरही ते पाठीवर बसले नाहीत.

"आता काय राहिलं?" सायलीनं विचारलं.

"आता बोलीवर."

त्यांनी आम्हाला समजावलं. बैल आणला म्हणजे लगेच आपला झाला, असं नसतं. आधी तो बोलीवर आणतात. आधी रिकामा चालवायचा, मग ओझ्यानं, मग गर्दीतून न्यायचा. जमलं तर पक्का, नाही तर परत. "आणि बैल बी आपल्याला बघत असतो. त्याला वाटतं, हे घर कसं हाय."

"आप्पा, तुम्ही पण आमच्याकडे बोलीवरच आहात हं," सायली हसत म्हणाली. "तीन रविवार. मग ठरवू."

"रास्त हाय," आप्पा म्हणाले. ते हसले नव्हते.

पहिला रविवार त्यांनी अस्वलाला रिकामं फिरवण्यात घालवला, दुसरा लाकडं वाहण्यात. तिसऱ्या रविवारी दुपारी चारला दरीतली मोहीम होती. अस्वलानं दरीच्या तोंडाशी उभं राहून समोरच्यांना अडवायचं आणि आम्ही चौघांनी मागून जायचं, असं ठरलं. दोन मिनिटं अस्वलानं फार सुरेख अडवलं. मग एकदम समोरचे सगळे आमच्या अंगावर आले.

"आप्पा, कुठे आहात?" सायली ओरडली.

"नदीवर."

"नदीवर काय करताय?"

"पाणी दाखवतोय. लय दम लागलाय याला."

"आप्पा, ते ग्राफिक्स आहे."

"असंल. पण दमलंय."

आम्ही पुढच्या मिनिटाला हरलो.

संध्याकाळी आप्पांनी मला जिन्यात गाठलं. "काय ठरलं ते तोंडावर सांग म्हणावं. आडून नको. मला वाईट वाटायचं नाय." त्यांना वाईट वाटणार होतं, हे त्यांनी ज्या तऱ्हेनं कठड्याचा रंग नखानं खरवडला त्यावरून कळत होतं.

सोमवारी आमची चौघांची बैठक झाली. सायलीचं म्हणणं, दुसरा कोणी बघू. मी एरवी दोन शब्द टाइप करते, त्या दिवशी एवढं लिहिलं की पुण्याचा एक जण म्हणाला, अगं थांब, वाचू दे. मग तोच म्हणाला, की खरं सांगायचं तर त्याच्या गरुडाचा पंख मोडला होता तेव्हा तो आप्पांनाच विचारायला गेला होता. दुसराही गेला होता. जरा वेळानं सायलीनं कबूल केलं, की तीही. अखेर ठरलं, आप्पांनी लढायचं नाही. छावणीत थांबून पाचही जनावरं सांभाळायची. जागा कायमची.

सांगायला मी लगेच समोर गेले. वंदनावहिनींनी, म्हणजे आप्पांच्या सूनबाईंनी, दार उघडलं आणि खोलीकडे बोट केलं. आप्पा खुर्चीत सरळ बसले होते. पलंगाशी एक निळी प्रवासी बॅग उघडी होती. तिच्यात शर्ट, धोतरं, दाढीचं सामान, औषधं, सगळं ओळीनं रचलेलं.

"गावी निघालात?" मी विचारलं.

"नाय गं. तिथंच असतंय सामान. तू काय ठरलं ते सांग."

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुमचं बरंय. तीन रविवारात सांगून मोकळे झालात." बॅगेकडे बघत ते पुढे म्हणाले, "इथं कोणी काय बोललं नाय अजून. पोरगा म्हटला होता, चला तर खरं, बघू जमतंय का. म्हटलं, बघू दे त्यांना. सामान कशाला पसरायचं."

वंदनावहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं. आत कप्प्यांवर नवा कागद अंथरलेला होता, बाकी काही नव्हतं.

"आठ महिने झाले, आप्पा," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्हालाच आमच्याकडे करमत नाही. बॅग कधी रिकामी केलीच नाहीत तुम्ही. विचारायचं तरी कसं?"

मला तिथे उभं राहणं अवघड झालं, म्हणून मी चहा न घेता निघाले.

त्या संध्याकाळी टीम सहा वाजता जमली. आप्पा नव्हते. ते कधी उशीर करत नाहीत, म्हणून सायलीनं दोनदा हाक मारली. छावणीत पाच जनावरं उभी होती. पाऊण तासानं आप्पा आले.

"कुठे होतात?" सायलीनं विचारलं.

"कपडे लावत होतो," आप्पा म्हणाले, आणि अस्वलाला पाणी दाखवायला घेऊन गेले.