सासऱ्यांच्या हिरड्या आणि माझा मऊ फाहिता

फाहिता भाजण्यात आमच्या रिओ ग्रान्दे नदीच्या काठावर माझा हात धरणारा कोणी नाही, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायला तोंड उरणार नाही.

झालं असं, की माझे सासरे डॉन एलेउतेरिओ (डॉन म्हणजे आमच्याकडचं आदराचं ‘राव’) यांचे उरलेसुरले सगळे दात डॉक्टरांनी एका बैठकीत काढले. कवळी यायला अवकाश होता. चाळीस वर्षं रँचवर गुरं राखलेला माणूस. फाहिता म्हणजे बैलाच्या बरगड्यांखालच्या मांसाची चिवट पट्टी. ही पट्टी मालक लोक गुराख्यांना देऊन टाकत, त्या काळापासून तिला निखाऱ्यांवर गाणं शिकवत आलेला. रविवारी आमच्या अंगणात जाळ पेटला, की वाऱ्याच्या बाजूला त्यांची खुर्ची असायची. तीन रविवार ती खुर्ची रिकामी होती. सूप नेऊन दिलं तर म्हणाले, मी बाळंतीण नाही. नेरेइदा, म्हणजे माझी बायको, वडिलांशी बोलून फोन ठेवला की भांडी घासत बसायची. भांडी आधीच घासलेली असायची.

मी छातीठोकपणे सांगितलं, येत्या रविवारी तुझे वडील येतील आणि जेवतील. फाहिता गुंडाळायची तोर्तिया, म्हणजे आमची पोळी, चावावी लागते, भात चावावा लागत नाही. तेव्हा भाताचे वाडगे करायचे. खाली टोमॅटोचा तांबडा भात, वर कांदा आणि ढोबळी मिरची, आणि त्यावर फाहिता, असा मऊ की जिभेवर ठेवला की नुसता आठवणीत उरावा.

मऊपणाचं गुपित मला ठाऊक होतं: ताजा अननस, चिवट मांसालाही विरघळवतो. शनिवारी सकाळी अर्धा अननस किसून मांसाला चोळला, लिंबू पिळलं, भांडं फ्रिजमध्ये ठेवलं. दुपारी नेरेइदाला उरलेला अर्धा अननस दिसला. नवरा विसराळू आहे ही तिची जुनी श्रद्धा. तिने तोही किसून घातला. संध्याकाळी मेहुणी देल्फिना आली. बाबांच्या हिरड्यांची तिलाही काळजी. तिने न सांगता अख्खी कच्ची पपई किसून त्यात घातली. तीन माणसांची माया एका भांड्यात रात्रभर नांदली.

रविवारी मेस्कीटच्या लाकडांचे निखारे फुलले होते, पहाटेच्या आभाळासारखे. मी चिमट्याने पट्टी उचलली. चिमटा वर आला, पट्टी खालीच राहिली. मग ते सगळं हातांनी जाळीवर पसरलं. क्षणभर ते तिथं थांबलं, जणू निरोप घेत होतं, आणि जाळीच्या भोकांतून शांतपणे निखाऱ्यांत उतरलं. जे वाचलं ते कालथ्याने खरवडलं. दिसायला ते मांस कमी आणि भिंतीचा गिलावा जास्त होता. बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं, मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

नेमकं तेव्हाच फाटक वाजलं. डॉन एलेउतेरिओ आले होते. गालांची खळगी झालेली, टोपी मात्र सरळ. हातात कागदात गुंडाळलेली फाहिताची एक अख्खी पट्टी. दुसऱ्याच्या जाळापाशी गुराखी रिकाम्या हाताने जात नाही. स्वतःला खाता येवो न येवो.

त्यांनी जाळीत डोकावून पाहिलं.

"जावईबापू, हे भाजताय की पुरताय?"

मी सगळा कबुलीजबाब दिला. पट्टीवरचा पापुद्रा त्यांनी नखाने सोलला, मूठभर मीठ लावलं, आणि पट्टी जाळीवर टाकली. अननस नाही, पपई नाही. एकदाच उलटली. मग फळीवर घेऊन बराच वेळ तिच्याकडे नुसते बघत राहिले, झोपलेल्या नातवाकडे बघावं तसे. मी सुरी पुढे केली. त्यांनी खिशातला चाकू काढला.

"धागे कुठून कुठं जातात, आधी ते बघायचं. त्यांना आडवं कापायचं. पातळ. आमच्या गुराख्यांच्या टोळीत निम्म्यांना दात नव्हते. कोणी उपाशी झोपलं नाही."

काप इतके पातळ पडत होते की पलीकडचे निखारे दिसावेत. नेरेइदाने वाडगा भरला, कापांवर मांसाचाच रस ओतला. त्यांनी पहिला घास हिरड्यांमध्ये घोळवला, डोळे मिटले. मग गळ्याची घाटी खाली गेली.

दोन वाडगे खाल्ले त्यांनी. त्या दुपारी नेरेइदाने एकही भांडं घासलं नाही. सगळी मी घासली, आणि त्या म्हाताऱ्या बोटांपुढे मनातल्या मनात टोपी काढली.

पुढच्या महिन्यात कवळी आली. त्या रविवारी ते ती शर्टाच्या खिशात घालून आले. खुर्चीत टेकले आणि आधी नेरेइदाला विचारलं, "आज मांस कोण कापणार आहे?"

ती म्हणाली, तुमचे जावई.

त्यांनी निमूटपणे खिशात हात घातला आणि कवळी बसवली.